वासाला नाव देणारं यंत्र

शंकेखोर : जीसी-एमएसने पदार्थ ओळखला, हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचतो की आता त्याची चीड येते. भेसळीची बातमी असो, विषप्रयोगाचा खटला असो, खेळाडूचं पदक काढून घेणं असो, शेवटचा शब्द या यंत्राचा. यंत्राने नक्की काय पाहिलं असं विचारलं की समोर एक कागद येतो. त्यावर उंचवट्यांची रांग आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक नाव. उंचवटा यंत्राने काढला, मान्य. नाव कोणी दिलं? रेणू स्वतःचं नाव सांगत नाही. मध्ये कुठेतरी कोणीतरी अंदाज केला आहे, आणि तो अंदाज कागदावर उतरताना निकाल झाला आहे.

यंत्रप्रेमी : अंदाज म्हणा हवं तर, पण तो कसा केला जातो ते बघून म्हणा. नमुन्याचा मायक्रोलिटरभर द्रव सुमारे अडीचशे अंशांना तापलेल्या इंजेक्टरमध्ये टोचला की त्याची वाफ होते. हेलियमचा झोत ती वाफ एका नळीत ढकलतो. नळी साधारण तीस मीटर लांब, आतून पाव मिलिमीटर रुंद, वेटोळं करून भट्टीत टांगलेली. तिच्या आतल्या भिंतीला सिलिकॉनच्या जातीचा थर असतो, तोही पाव मायक्रॉन जाडीचा. ज्या रेणूचं त्या थराशी जमतं तो रेंगाळतो, ज्याचं जमत नाही तो पुढे निघून जातो. भट्टी चाळीस अंशांपासून हळूहळू तापवत नेली की शे-दोनशे पदार्थांचं मिश्रण एकामागून एक बाहेर पडू लागतं. आर्चर मार्टिन आणि अँथनी जेम्स यांनी ही वायूची पद्धत, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी किंवा जीसी, १९५२ साली जगापुढे मांडली. पण नळीच्या टोकाशी बसलेल्याला एवढंच कळतं की सात मिनिटं बारा सेकंदांनी काहीतरी आलं. काय आलं ते कळत नाही.

म्हणून त्या टोकाला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे एमएस, जोडायचा. तिथे निर्वात पोकळीत, येणाऱ्या रेणूंवर सत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आदळतात. रेणू विद्युतभारित होतो आणि बहुतेक वेळा तुटतो. तुटतो तोही कसाही नाही. कमकुवत बंध आधी सुटतात, टिकाऊ तुकडे मागे उरतात. त्या तुकड्यांची वस्तुमानं मोजायची. टोल्यूइन असेल तर ९१ ठळक दिसणार, बेन्झीन असेल तर ७८. पुण्यात मोजा नाहीतर टोकियोत, ऊर्जा सत्तरच ठेवायची असा दंडक आहे, म्हणून एकाची नोंद दुसऱ्याला कामी येते.

शंकेखोर : अंध-पंगू न्याय आपल्याकडे जुना आहे. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो आणि दोघं मिळून वाट काढतात. तुमची जोडी तशीच दिसते. एकाला केव्हा ते कळतं पण काय ते कळत नाही. दुसऱ्याला काय ते थोडंफार कळतं, पण एका वेळी चार पदार्थ आले तर सगळ्यांच्या तुकड्यांचा काला होतो. गोष्टीत दोघं सुखरूप पोचतात, कारण गोष्ट सांगणाऱ्याला तसं हवं असतं. दोन अपुऱ्या साक्षी जोडल्या की एक पुरी साक्ष होते, हे कशावरून?

यंत्रप्रेमी : दोघं वेगवेगळ्या कारणांनी चुकतात, यावरून. नळीतून यायला किती वेळ लागणार हे मुख्यतः रेणूचा उत्कलनबिंदू आणि त्याची ध्रुवीयता यांवर ठरतं. तो तुटणार कसा, हे त्याच्या बंधांवर. परका पदार्थ नेमका त्याच वेळी बाहेर यावा, असं होतं. त्याचे तुकडेही तेच आणि त्याच प्रमाणात पडावेत, हे क्वचित. समजा एक साक्ष शंभरात एकदा फसते आणि दुसरीही शंभरात एकदा. दोघी एकमेकींवर अवलंबून नसतील तर एकदम फसायची वेळ दहा हजारांत एकदा येते.

शिवाय ही सोयरीक सुखासुखी जमलेली नाही. एका यंत्राला वायूचा सतत झोत लागतो, दुसऱ्याला जवळजवळ संपूर्ण निर्वात. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये डाऊ केमिकलच्या रोलँड गोल्के आणि फ्रेड मॅक्लॅफर्टी यांनी १९५५-५६ च्या सुमारास आपला क्रोमॅटोग्राफ बेंडिक्स कंपनीच्या वेगवान स्पेक्ट्रोमीटरला नेऊन जोडला आणि बेन्झीन, टोल्यूइन असे पदार्थ एकेक करून ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर उमटताना पाहिले. पुढे स्टॉकहोममध्ये राग्नार रिहागे यांनी १९६४ च्या सुमारास झोतातला हलका हेलियम बाजूला उडवून जड रेणू तेवढे पुढे पाठवायची युक्ती काढली. नळ्या अगदी बारीक झाल्या आणि मिनिटाला मिलिलिटरभरच वायू येऊ लागला, तेव्हा पंपांना तो थेट पेलता आला आणि त्या युक्तीचीही गरज उरली नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. १९८९ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात एक तान्हं मूल दगावलं. त्याच्या रक्तात इथिलिन ग्लायकॉल, म्हणजे गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते अँटिफ्रीझ, सापडल्याचा निर्वाळा प्रयोगशाळांनी दिला. आईवर खुनाचा खटला चालला, १९९१ मध्ये जन्मठेप झाली. प्रत्यक्षात मुलाला मिथाइलमॅलॉनिक अ‍ॅसिडिमिया हा जन्मजात चयापचयाचा विकार होता. त्यात शरीरात प्रोपिऑनिक आम्ल साठतं, आणि क्रोमॅटोग्राफच्या आलेखावर ते इथिलिन ग्लायकॉलच्या जागेजवळ येतं. प्रयोगशाळांनी वेळ पाहिली, नाव दिलं. सेंट लुइसमधल्या शास्त्रज्ञांनी तेच रक्त मास स्पेक्ट्रोमीटर जोडून तपासलं तेव्हा अँटिफ्रीझचा मागमूस नव्हता. आई त्याच वर्षी सुटली. एकट्या क्रोमॅटोग्राफने तिला तुरुंगात टाकलं, जोडीने बाहेर काढलं.

शंकेखोर : हे तुम्ही तुमच्या बाजूचं उदाहरण म्हणून सांगता, याची मला गंमत वाटते. ती सुटली ती कशामुळे? तुरुंगात असताना तिला दुसरा मुलगा झाला आणि त्यालाही तोच विकार निघाला, म्हणून. तो आजारी पडला नसता तर पहिल्याचं रक्त पुन्हा तपासायला कोणाला सुचलं असतं? यंत्र तेव्हा होतं. तुमची जोडी जमून तीस वर्षं झाली होती. सवाल आधी पडावा लागतो, मग यंत्र जवाब देतं. पहिल्या खेपेला सवाल असा होता की या मुलाला विष दिलंय का. त्या सवालाला साजेसा उंचवटा सापडला आणि सगळे थांबले.

यंत्रप्रेमी : थांबणाऱ्यांचा दोष यंत्रावर ढकलता आहात.

शंकेखोर : नाही, मी तो नावावर ढकलतो आहे. कागदावर नाव आलं की माणसं थांबतात. "ज्याची वेळ इथिलिन ग्लायकॉलच्या जवळची आहे असा एक अज्ञात पदार्थ" असं लिहिलं असतं, तर कोणत्या ज्यूरीने जन्मठेपेकडे नेणारा कौल दिला असता? आणि तुमच्या जोडीच्या यंत्रात हा रोग उलट वाढला आहे. आता वही उघडून माणूस तुलना करत नाही, संगणक करतो. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या संग्रहात तीन लाखांहून अधिक संयुगांच्या नोंदी आहेत म्हणता. चांगलं आहे. पण आजवर नोंदली गेलेली रसायनं वीस कोटींच्या घरात आहेत. तुमच्या नमुन्यातला पदार्थ संग्रहात नसेल तर संगणक काय करतो? "ठाऊक नाही" म्हणतो का? तो त्यातल्या त्यात जवळचं नाव काढतो, शेजारी ९९९ पैकी ८७० गुण लिहितो आणि मोकळा होतो. वर्गात एकच मुलगा असला की पहिला तोच येतो.

यंत्रप्रेमी : वीस कोटींचा आकडा ऐकायला भारदस्त आहे, पण त्यातले बहुतेक पदार्थ वाफ होऊन माझ्या नळीत शिरणारच नाहीत, शिवाय आंब्यात किंवा रक्तात ते असायचं कारणही नाही. तरी तुमचा मुद्दा खरा आहे. जुळणीचा आकडा हा खरेपणाचा आकडा नव्हे. दोन नोंदी किती सारख्या दिसतात एवढंच तो सांगतो. नव्या मुलांना हे शिकवायला मला दरवर्षी झगडावं लागतं. एकदा पडद्यावर नाव आलं की त्यांना आलेख बघायचा कंटाळा येतो.

पण तुम्ही संग्रहावर थांबलात, मी थांबत नाही. हापूसचं उदाहरण घ्या. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या गंधद्रव्यांवर बरंच काम झालं आहे. कैरीपासून पिकल्या फळापर्यंत वासाचं मिश्रण कसं बदलतं, ते त्यांनी याच यंत्राने पाहिलं. त्या वासात टर्पीन गटातल्या द्रव्यांचा भरणा, आणि त्यांतही झेड-ऑसिमीन सगळ्यांत जास्त. आता अडचण बघा. ऑसिमीन, मर्सीन, लिमोनीन, पाइनीन ही सगळी सी-१०-एच-१६, सगळ्यांचं वस्तुमान १३६, आणि ९३ चा तुकडा जवळपास सगळ्यांत ठळक. झेड-ऑसिमीन आणि त्याचा जुळा ई-ऑसिमीन यांचे तुकडे तर शेजारी ठेवले तरी ओळखू येत नाहीत. इथे संग्रहावर विसंबणारा फसला. मग तारणारं कोण? तीच पहिली, तुम्ही जिला आंधळी म्हणता ती नळी. एर्विन कोवाट्स यांनी १९५८ साली एक मोजपट्टी आखून दिली. सरळ साखळीचे हायड्रोकार्बन त्याच नळीतून सोडायचे, डेकेनला १००० म्हणायचं, उंडेकेनला ११००, आणि बाकी सगळ्यांची जागा त्या खुणांवरून सांगायची. दोन्ही ऑसिमीनांमध्ये या पट्टीवर दहा-बारा अंकांचं अंतर पडतं. तेवढं मला पुरतं. मिसुरीत वेळेने फसवलं आणि तुकड्यांनी वाचवलं. आंब्यात तुकडे फसवतात, वेळ वाचवते.

शंकेखोर : छान. मग वाशीच्या बाजारात जाऊ. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, या पाच जिल्ह्यांतला तो हापूस. पण देवगडचं नाव छापलेल्या पेटीत कर्नाटकातला आंबा भरला जातो, हे बाजारात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काढा तुमची नळी आणि सांगा, या पेटीतला आंबा कुठला?

यंत्रप्रेमी : वाटतं तेवढं ते सोपं नाही. त्याच प्रयोगशाळेने दापोली, देवगड आणि वेंगुर्ल्याच्या हापूसची तुलना केलेली आहे. जागा बदलली की गंधद्रव्यांचं प्रमाण बदलतं, हे त्यात दिसलं. पण हे प्रमाण बदलणं आहे. देवगडचा म्हणून एखादा वेगळाच रेणू असतो असं नाही. आणि प्रमाण तर फळ किती पिकलं, आढीत किती दिवस होतं, पाऊस कधी आला यांनीही बदलतं. पुष्कळ बागांची, पुष्कळ हंगामांची फळं तपासून साठा केला तर संभाव्यता सांगता येईल. एका फळावरून शपथ घेणार नाही.

शंकेखोर : वा. म्हणजे ऑसिमीन झेड की ई, हे तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल. लोकांना ज्याचे पैसे मोजायचेत ते मात्र सांगणार नाही. आणि वासाचंच म्हणाल तर तिथेही एक खोट आहे. सगळ्यांत उंच उंचवटा ऑसिमीनचा, म्हणून हापूसचा वास ऑसिमीनचा का? नाकाला उंचीशी काय देणंघेणं? फळ पिकल्यावर जो गोड वास सुटतो तो लॅक्टोन आणि फ्युरॅनोन गटांमुळे, आणि ती द्रव्यं ऑसिमीनपुढे चिमूटभर असतात. नाकाला ती इतक्या थोड्यात कळतात की यंत्राला ती शोधायला घाम फुटतो. त्यातलं फ्युरॅनिऑल तर उष्णतेला नाजूक. तापलेल्या इंजेक्टरमधून ते धड येईलच याची खात्री नाही.

यंत्रप्रेमी : म्हणून तर नळीच्या टोकाला फाटा काढून एका बाजूला यंत्र आणि दुसऱ्या बाजूला माणसाचं नाक ठेवायची पद्धत आहे. नाकाने सांगायचं केव्हा वास आला, यंत्राने सांगायचं तेव्हा काय आलं. कैक वेळा नाक म्हणतं आता आला, आणि आलेखावर त्या जागी सपाट रेघ असते. असं झालं की आम्ही लाजत नाही, नमुना घट्ट करून पुन्हा टोचतो.

शंकेखोर : पण उष्णतेचं काय? माझी खरी तक्रार तीच आहे. तुमचं यंत्र पदार्थ आहे तसा बघतच नाही. आधी तापवतं, मग बघतं. ज्याला उष्णता सोसत नाही, त्याचं वाटेत दुसरंच काहीतरी होतं. गांजाच्या झाडात मुख्यतः टीएचसी या नशिल्या द्रव्याचं आम्ल असतं. तुमच्या इंजेक्टरमध्ये त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि अहवालात येतं टीएचसी. म्हणजे यंत्राने शोधलं का बनवलं?

यंत्रप्रेमी : हा तुमचा सगळ्यांत जड मुद्दा. त्याला उत्तर आहे, पण ते मंगळावरून आणावं लागेल. १९७६ साली दोन व्हायकिंग यानं तिथे उतरली. दोघांतही जीसी-एमएस होतं. एमआयटीच्या क्लाउस बीमन यांच्या नेतृत्वाखालच्या गटाचं ते काम. माती पाचशे अंशांपर्यंत तापवली आणि सेंद्रिय रेणू शोधले. निघालं पाणी, कार्बन डायऑक्साइड, आणि नखाएवढा क्लोरोमिथेन-डायक्लोरोमिथेनचा अंश. क्लोरीनवाले रेणू पाहून सगळे म्हणाले, ही तर आपणच पृथ्वीवर यंत्र धुताना वापरलेल्या द्रावकांची घाण. मंगळाच्या मातीत सेंद्रिय काही नाही, असा निष्कर्ष निघाला आणि कितीतरी वर्षं टिकला. मग २००८ मध्ये फीनिक्स यानाला मातीत परक्लोरेट सापडलं. हे मीठ थंड असेपर्यंत गप्प असतं. तापवलं की ऑक्सिजन आणि क्लोरीन सोडतं आणि सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतं. २०१० मध्ये मेक्सिकोच्या राफाएल नावारो-गोन्सालेस यांनी चिलीतल्या अटाकामा वाळवंटाच्या मातीत परक्लोरेट मिसळून ती तापवली. काय निघालं? क्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेन.

शंकेखोर : म्हणजे मी म्हणतो तेच. शोधायला गेले आणि शोधताना पुरावाच जाळला.

यंत्रप्रेमी : बीमन यांनी ते मान्य केलं नाही, दुसऱ्याच वर्षी छापील विरोध केला, हेही सांगतो. पण पुढचं ऐका. नंतरच्या क्युरिऑसिटी यानावरच्या यंत्राने मंगळाच्या खडकात क्लोरोबेन्झीन ओळखलं, ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानंतर २०१८ मध्ये काहीजणांनी व्हायकिंगच्या जुन्या नोंदी बाहेर काढल्या आणि त्यांत क्लोरोबेन्झीन शोधलं. सापडलं. चाळीस वर्षं ते तिथेच होतं, कोणी त्या नावाने विचारलं नव्हतं. आणि २०२५ मध्ये क्युरिऑसिटीच्याच नमुन्यात डेकेन, उंडेकेन, डोडेकेन मिळाल्याचं जाहीर झालं. हो, तेच सरळ साखळीवाले, कोवाट्सच्या मोजपट्टीवरच्या खुणा. ते मेदाम्लांचे अवशेष असू शकतात असं म्हणतात, आणि मेदाम्लं जीवाशिवायही बनतात. तेव्हा भट्टीत काय जळतं हे कळल्यावर जुन्या मोजणीतूनही नवं निघतं. यंत्राचा दोष कळला की तो दोष राहत नाही, गणितात धरायची गोष्ट होते.

शंकेखोर : कळला की. या दोन शब्दांत बत्तीस वर्षं गेली, १९७६ ते २००८. मंगळाचं काही अडलं नाही. नाशिकच्या द्राक्षवाल्याचं अडतं. २०१० सालची गोष्ट तुम्हाला आठवतच असेल. युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, आपले बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात ते, मर्यादेपेक्षा जास्त निघालं. मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला, लोक कर्जात गेले. खरड छाटणीनंतर वेलीची शेंडेवाढ रोखायला ते सर्रास फवारत, त्यात कोणाला चोरी वाटत नव्हती. आणि ही सगळी द्राक्षं निर्यातीआधी तपासलेली होती! प्रयोगशाळेचा दाखला होता. यंत्र चालू होतं, माणसं शहाणी होती, नोंदी चोख होत्या. फक्त तपासायच्या यादीत ते नाव नव्हतं.

यंत्रप्रेमी : तुम्ही इथे थोडी गल्लत करता. सीसीसी हे मिठासारखं, आयनी. त्याची वाफ होत नाही. जीसी-एमएसमध्ये ते यादीत घातलं असतं तरी दिसलं नसतं. त्याला द्रव क्रोमॅटोग्राफी लागते. तिची जोडीची यंत्रं तेव्हाही आपल्याकडे होती.

शंकेखोर : मग तर माझं म्हणणं दुप्पट खरं झालं. एका यंत्राला ते दिसूच शकत नव्हतं, दुसऱ्याला विचारलं नव्हतं. आणि दोन्हींच्या कागदावर शब्द एकच: आढळलं नाही. "सापडलं" म्हणताना तुम्ही दोन-दोन साक्षी मागता. "सापडलं नाही" म्हणताना किती मागता?

(लिहिणाऱ्याला इथे मध्ये पडायची परवानगी असेल तर : या फेरीत यंत्रप्रेमी हरला, असं मला वाटतं. त्यालाही तसं वाटलं असावं, कारण त्याने सूर बदलला.)

यंत्रप्रेमी : बरोबर आहे. "सापडलं नाही" हे वाक्य अपुरं आहे. कोणत्या यादीत, कोणत्या पद्धतीने, किती बारीक प्रमाणापर्यंत, हे त्याच्या शेपटीला जोडलेलं असतं, पण शेपटी वाचतं कोण? आणि "सापडलं" यालाही पायऱ्या आहेत. हे तुम्हाला आवडेल म्हणून सांगतो. चयापचयातल्या रेणूंचा अभ्यास करणाऱ्यांनी २००७ मध्ये ओळखीच्या चार पायऱ्या ठरवल्या. तोच शुद्ध पदार्थ आणून, त्याच नळीतून, त्याच यंत्रात टोचून वेळ आणि तुकडे दोन्ही जुळले तर पहिली पायरी. नुसतं संग्रहाशी जुळलं तर दुसरी. गट कळला पण नाव नाही, तिसरी. चौथी म्हणजे अज्ञात. तुम्ही ज्या अंदाजाबद्दल चिडलात, त्याला शास्त्रानेच दर्जा लावून ठेवला आहे.

शंकेखोर : शास्त्राने लावला, पण तो बातमीत, निकालपत्रात, पदकाच्या समितीपुढे येताना गळून पडतो. ॲलन बॅक्स्टर या स्कॉटिश स्कीपटूचं काय झालं? २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला त्याने कांस्य मिळवलं आणि मेथॅम्फेटामिन सापडलं म्हणून घालवलं. अमेरिकेत विकत घेतलेली सर्दीची नाकात ओढायची नळी त्याने वापरली होती. तीत त्या रेणूचं डावं रूप असतं. ब्रिटनमधल्या त्याच कंपनीच्या नळीत ते नसतं. उजवं रूप नशेचं, डावं नाकाचं. आरशातली दोन रूपं. तुमच्या साध्या नळीत दोघं एकाच वेळी येतात, तुकडेही तेच पडतात. दोन्ही साक्षी सहमत, आणि दोघींना फरक माहीत नाही. तुमचा दहा हजारांत एकाचा हिशेब इथे कुठे गेला?

यंत्रप्रेमी : डावं-उजवं ओळखणाऱ्या खास नळ्या आहेत. तिथे प्रश्न यंत्राचा नव्हता, नियम दोन्हींना एकच धरत होता. पण हिशेबाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. स्वतंत्र साक्षी हे गृहीतक जिथे मोडतं तिथे गुणाकार करता येत नाही. म्हणून आम्ही तिसरी साक्ष बोलावतो. मेटा आणि पॅरा झायलीनचे तुकडे सारखे. पण नळीच्या टोकाला अवरक्त किरणांचा स्पेक्ट्रोमीटर जोडला तर बेन्झीनच्या कड्यावर मिथाइल गट कुठे बसलेत ते लगेच दिसतं. त्याला नमुना जास्त लागतो, म्हणून तो मागे पडला. अजून वापरतात, विशेषतः नव्या नशिल्या द्रव्यांत, जिथे अणूंचा एक गट इकडचा तिकडे केला की कायद्याच्या दृष्टीने रसायनच बदलतं.

शंकेखोर : साक्षी वाढवा, माझी ना नाही. पण द्राक्षाकडे परत या, कारण तिथे साक्षी वाढवून भागत नाही. आता काय करता? सीसीसी यादीत घातलंत. यादी शेकड्यांच्या घरात गेली. पुढच्या खेपेला जे येईल ते त्या यादीत असेल का?

यंत्रप्रेमी : नसेल. आणि आता मी तुम्हाला एक अशी गोष्ट सांगतो जी तुमच्या बाजूची आहे, पण तुम्हाला माहीत नाही. किलोला मिलिग्रॅमचा शंभरावा हिस्सा पकडायचा असेल तर यंत्राला सगळं बघू देता येत नाही. त्याला सांगावं लागतं की अमुक मिनिटाला फक्त या तुकड्याकडे बघ, तो फोडून त्यातला हा उपतुकडा मोज, बाकी सोड. बाकी सोडलं म्हणून तर गोंगाट कमी होतो आणि बारीक अंश दिसतो. पण सोडलं ते कायमचं गेलं. ते कुठे साठवलेलंच नसतं. व्हायकिंगने सगळ्या तुकड्यांची नोंद ठेवली होती, म्हणून चाळीस वर्षांनी क्लोरोबेन्झीन शोधता आलं. आज द्राक्षाच्या नेहमीच्या तपासणीत जे मोजलं जातं, त्यात दहा वर्षांनी नवा प्रश्न विचारला तर उत्तर मिळणार नाही. यंत्र जितकं तीक्ष्ण केलं तितकं ते विचारलेल्यापुरतं राहिलं.

शंकेखोर : मग सगळं बघणारी यंत्रं वापरा.

यंत्रप्रेमी : आहेत. वस्तुमान दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत सांगणारी आणि सगळंच नोंदवणारी. महाग आहेत, त्यांच्या नोंदी अवाढव्य होतात, आणि अगदी बारीक अंशांत ती अजून ठरवून बघणाऱ्या यंत्रांच्या मागे पडतात, निदान काही पदार्थांत. शिवाय सगळं बघितलं की सगळं दिसतं. हजार उंचवटे, त्यांतले कितीतरी दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या पायरीचे. तुमच्या वर्तमानपत्राला ते दाखवायचे का? "द्राक्षांत बाराशे अनोळखी रसायनं" हा मथळा तुम्हीच वाचाल आणि माझ्यावर चिडाल. त्यातली बहुतेक द्राक्षाचीच असतील.

शंकेखोर : चिडेन. पण नोंद ठेवली म्हणजे ती छापायलाच हवी असं कुठे आहे? निर्यातीच्या दर काही नमुन्यांमागे एकाची पुरी नोंद काढून जपून ठेवा. नाव देऊ नका, निकाल देऊ नका, नुसती ठेवा. कधी गरज पडली तर उघडा.

यंत्रप्रेमी : आणि पाच वर्षांनी उघडली, आज परवानगी असलेलं एखादं रसायन तोवर बंदी घातलेलं झालं असेल, तर तो कागद कोणाच्या विरुद्ध वापरायचा? ज्याने त्या वर्षीचे नियम पाळले त्या बागायतदाराच्या? जुन्या नोंदीत नवा गुन्हा सापडणं ही भीती तुम्हाला लागत नाही का? त्या मिसुरीच्या बाईला तुम्ही इतका वेळ डोक्यावर घेतलंत, आणि आता कोणाही माणसाचा नमुना कायमचा संशयात ठेवायला निघालात.

शंकेखोर : त्या बाईला सोडवलं तेही जपून ठेवलेल्या रक्तानेच. ते फेकून दिलं असतं तर?

यंत्रप्रेमी : रक्त ठेवलं होतं, नोंद नव्हे. रक्तावर नवा सवाल, नवी पद्धत, दोन्ही चालतात. नोंदीवर फक्त सवाल नवा असतो, पद्धत जुनीच.

शंकेखोर : मग द्राक्षंच ठेवा, उणे ऐंशीला गोठवून. खर्च कोण करणार ते मात्र सांगा. आत्ताच तपासणीची फी बागायतदाराच्या खिशातून जाते. ज्या प्रश्नाचं उत्तर आज कोणालाच नको आहे, त्याचे पैसे त्याने आज का भरायचे?

यंत्रप्रेमी : त्याने भरू नयेत, एवढं मला पटतं. आयात करणाऱ्याने भरावेत का, सरकारने का, की ज्याने रसायन विकलं त्याने, यावर मी अजून ठाम नाही. तुम्ही आहात?

शंकेखोर : विकणाऱ्याने. पण मग नमुना कोणता ठेवायचा हेही तोच ठरवू पाहील, आणि ते मला चालणार नाही.